प्रश्नाला ठोकळा

पालकांना मुलांबद्दल सल्ला देणाऱ्या काकांनी मुख्याध्यापिकेच्या पत्राला अजून उत्तर दिलं नव्हतं. भिंगरी शाळेत चकार शब्द काढत नाही, घरी मात्र तिची टकळी थांबत नाही. तिला याच वर्गात ठेवावं की दुसऱ्या शाळेत पाठवावं, ते सुट्टी संपायच्या आत कळवा, असं बाईंनी लिहिलं होतं. उत्तराचे कागद एकामागून एक कचऱ्याच्या डब्यात जात होते, कारण प्रत्येकाची सुरुवात ‘मला खात्रीने सांगता येणार नाही’ अशीच होत होती.

“जन्मभर आईबापांना त्यांची मुलं समजावून सांगितलीत आणि एका पोरीबद्दल चार ओळी लिहवेनात,” बायको म्हणाली. “मला होकार कळवायलाही असंच घोळ घालत बसला होतात.”

त्यांनी नवा कागद पुढे ओढला. खोटं नव्हतं ते.

शनिवारी आईबाबा भिंगरीला घेऊन सल्ल्याला आले. सल्ल्याची खोली म्हणजे घराचीच पुढची खोली: सतरंजी, लाकडी ठोकळे, दोन टोपल्या. भिंगरी आईच्या पाठीमागे दडली.

“काकांना नाव सांग,” बाबा म्हणाले. “परवा गच्चीवर भाषण ठोकत होतीस ना? मग आता काय झालं? बोललीस तर मिळणारी सायकल नको का?”

“लाजते हो ती,” आईनं परस्पर उत्तर देऊन टाकलं.

असे प्रश्न अंगावर आले की या वयातही काकांची जीभ टाळ्याला चिकटायची. ते सतरंजीवर बसले आणि हळूच म्हणाले, “आज नियम एकच. तिला काही विचारायचं नाही. ती काय करतेय तेवढंच बोलायचं. तोंडून प्रश्न गेला, की आपल्या टोपलीत एक ठोकळा.”

“विचारायचं नाही, मग बोलायचं तरी कसं?” बाबांनी विचारलं.

“टाका एक.”

आईला हसू फुटलं. खेळ सुरू झाला. भिंगरी एका हातानं ठोकळे रचू लागली, दुसऱ्या हाताची मूठ आईच्या कपड्यात.

“भिंगरीनं निळा लावला,” आई म्हणाली.

“हा पूल आहे का?” बाबांच्या टोपलीत ठोकळा. “की बोगदा?” आणखी एक. “अरेच्चा, किती झाले माझे?”

“घरीही हेच,” आई म्हणाली. “पोरीला कोर्टात उभं केल्यासारखं.”

“आणि तू तिची वकील. तिला तोंड उघडू देशील तर शपथ.”

भिंगरी आता पुढे सरकली होती. तिचे डोळे बाबांच्या भरत चाललेल्या टोपलीवर खिळले होते. तरीही काकांचा धीर सुटत चालला. पोर खेळतेय, पण गप्पच आहे. आपलंच काहीतरी चुकतंय बहुतेक. ते आवरतं घ्यायच्या बेतात होते.

“काका, आमची वेळ संपली का?” बाबांनी विचारलं.

“ठोकळा.”

आवाज बारीक, पण स्पष्ट होता. शाळेत कुणी कधी न ऐकलेला. शाब्बास म्हणावं, उठून नाचावं असं काकांना झालं. पण सगळ्यांच्या नजरा तिच्यावर वळल्या असत्या, तर ती पुन्हा मिटली असती. त्यांनी शाब्बास गिळून टाकलं.

“खरंच की. माझं लक्षच नव्हतं,” ते म्हणाले आणि ठोकळा बाबांपुढे सरकवला.

“अगं, ऐकलंस का?” बाबा जागचे उसळले. आईनं त्यांना सणसणीत चिमटा काढला.

“अजून एक,” भिंगरी म्हणाली. “बाबा, तू सारखा हरतोस.”

ते गेल्यावर काका तडक स्वयंपाकघरात शिरले. “बोलली. माझ्यासमोर बोलली, आणि तेही आपणहून.”

“मग उभे का? बसा लिहायला.”

‘तिला याच वर्गात ठेवा,’ त्यांनी लिहिलं. ‘बोलणं तिला येतं. अंगावर येणारे प्रश्न आणि रोखलेल्या नजरा तिला पेलत नाहीत. तूर्त तिला काही विचारू नका, ती जे करते त्यात सोबत बसा. तिच्या वतीनं कुणी उत्तर देऊ नये. ती बोलली तर कौतुकाचा गाजावाजा नको. वेळ लागेल, पण ती बहुधा बोलेल. शाळा उघडली की मीही येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसेन.’

‘बहुधा’ त्यांनी खोडलं. पुन्हा वाचलं तर हेही फाडलं जाईल, म्हणून पाकीट तिथल्या तिथे चिकटवलं. घरातल्याच चपला पायात ठेवून ते जवळजवळ पळतच कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेले आणि पत्र आत टाकलं.