कावडीची कुबडी झाले

मित्रांनो, आधी त्या मालोजीरावांचे सांगते, मग माझे. माणसाने दुसऱ्याच्या घरी वस्तूला हात लावताना निदान विचारावे. हे गृहस्थ आज सकाळी आमच्या अंगणात आले. वाटेत त्यांच्या चपलेला शेण लागले होते. इकडेतिकडे बघितले, भिंतीला टेकलेली मी दिसले, आणि सरळ उचलून माझ्या टोकाने त्यांनी चपलेचे शेण खरवडले! वर मला खांबाला टेकवली तीही उलटी, डोके खाली आणि पाय वर.

मी एक जुनी कुबडी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे. माझ्या अंगाला तीन जोड आहेत आणि तिन्ही जोडांवर पत्र्याच्या कड्या आहेत. एकेक कडी म्हणजे एका मुलीचे दोन-दोन वर्षांचे वाढणे आहे. शेण काढायची काडी मी कधीच नव्हते.

माझे लाकूड धामणीचे. धामण वाकते पण मोडत नाही, म्हणून तिचे कावडीचे दांडे करतात. मीही आधी कावडीचा दांडाच होते. कोंडीरामच्या खांद्यावर बसून वीस वर्षे मी पाणी वाहिले. आमची वस्ती दहिवलीच्या अलीकडे, डोंगराच्या पायाशी, आणि विहीर खाली ओढ्याजवळ. कोंडीराम वारला आणि मी पडवीत आडवी पडले. कोंबड्या माझ्यावर बसू लागल्या. ते दिवस मी मोजत नाही.

कोंडीरामची बायको सोनुबाई. तिच्याविषयी सांगायचे तर एकच गोष्ट सांगते. छप्पन साली वस्तीने धर्म बदलला तेव्हा ती नुकती नांदायला आली होती. घरात सासूची एक टोपली होती, गावात दारोदार जाऊन भाकरी मागून आणायची. सोनुबाईने ती टोपली चुलीत घातली आणि तिच्यावर भात शिजवला. सासू म्हणाली, "उद्या काय खाशील गं?" ही म्हणाली, "खाईन न्हायतर उपाशी मरीन, पर हात पसरनार नाय." त्या दिवसापासून तिने कुणाच्या दारात हात पसरला नाही. तिच्या तोंडाला सगळी वस्ती भीत असे, आणि खरे सांगायचे तर मला तिचा अभिमान वाटे.

तिची धाकटी मुलगी जना. दोन वर्षांची असताना जनाला ताप आला, आणि ताप गेला तो डावा पाय घेऊन गेला. पाय होता, पण दोरीसारखा लोंबे. सहाव्या वर्षापर्यंत ती अंगणात ढुंगणावर सरकत फिरली. शाळेचे वय झाले तेव्हा सोनुबाई मला घेऊन बुधाजी सुताराकडे गेली. बुधाजी म्हणाला, "कावड मोडायची जीवावर येते, सोनुबाई." ती म्हणाली, "मोडू नगंस. हिनं बापाचं पानी वाहिलं, आता लेकीला वाहील."

बुधाजीने मला तासले, वर आडवी मूठ बसवली. तिच्यावर सोनुबाईने आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, काखेत टोचू नये म्हणून. खाली सायकलच्या टायरचा तुकडा ठोकला. जना पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली तेव्हा तिने आईकडे बघितले नाही, कुंपणावरून पलीकडे काय दिसते ते बघितले.

मित्रांनो, माझे शिक्षण बेताचेच. रोज शाळेत गेले, पण वर्गाच्या दाराशी टेकून राहिले. त्यामुळे फळा दिसला नाही, ऐकू आले तेवढे आले. पाढे मला सतरापर्यंत येतात. अठराचा पाढा चालू असताना गुरुजींचा आवाज बसला होता.

जना हुशार निघाली. सातवीत पहिली आली आणि कर्जतच्या हायस्कुलात जाऊ लागली. जायला दीड कोस, यायला दीड कोस. तिची काख सोलवटे, रात्री सोनुबाई खोबरेल लावी. पण जना चालायची. दोन्ही पायांच्या पोरी मागे पडत, अशी चालायची! ती मला "कावडे" म्हणायची. "चल गं कावडे, घंटा हुईल."

ते एक्याऐंशी साल होते. हे साल जगभर अपंगांचे साल म्हणून पाळायचे ठरले आहे, असे गुरुजींनी वर्गात वर्तमानपत्रातून वाचून दाखवले. मी दाराशी ऐकले आणि मनात म्हटले, एक साल तर एक साल, तेही काही थोडे नाही.

दिवाळीनंतर अपंगांना मदत करणाऱ्या एका मंडळाचे कारकून वस्तीत आले. तेच हे मालोजीराव. म्हणाले, "सोनुबाई, खालापूरकडे शिबिर आहे. हातांनी चालवायची तीनचाकी सायकल फुकट मिळणार. तुमच्या जनाला शाळेला उपयोगी पडेल."

जनाने पुस्तक मिटले. तीन चाके! तिचे डोळे मी तेव्हा बघितले होते, पुन्हा तसे फार दिवस बघायला मिळाले नाहीत.

मालोजीराव आवाज खाली आणून म्हणाले, "पण एक करा. ही कुबडी घरी ठेवा. पोरीला कडेवर घेऊन या आणि डॉक्टरांपुढे खाली बसवा. सरकू द्या थोडी. ज्याला अजिबात चालता येत नाही त्यालाच गाडी, असा नियम आहे."

सोनुबाईने त्यांना चहा दिला होता. तिने कपबशी त्यांच्या हातातून काढून घेतली. "माझी लेक मानसांपुढं सरपटनार नाय."

"अहो, एका दिवसाचं नाटक. सगळेच करतात."

"सगळ्यांच्या घरात करा म्हनावं."

ते तसेच उठून गेले. आणि आता मी तुम्हांला आमच्या घराची चूक सांगते. ती चूक सोनुबाईचीच होती, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. शिबिराच्या दिवशी तिने जनाला धुवट परकर नेसवला, वेणी घातली, मला तेल पुसले. मांडवात टेबलामागे डॉक्टर बसले होते. पुढची माणसे मातीत बसून सरकत होती. आमची पाळी आली तेव्हा सोनुबाई मोठ्याने म्हणाली, "जने, चालून दाव सायबाला."

जना चालली. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मान वर करून, माझ्यावर जेवढा द्यायचा तेवढाच भार देऊन. मीही अंग चोरले नाही. तिथे गेली आणि परत आली. लोक बघत राहिले. सोनुबाई म्हणाली, "आनी एकदा." जना आणखी एकदा चालली. इतकी देखणी चाल तिची त्याआधी झाली नव्हती.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "शाबास! छान चालतेस की." आणि कागदावर लिहिले, चालू शकते. गाडी नाही.

मी चालवले म्हणून तिला गाडी मिळाली नाही. हे मी कुणाला सांगू?

गाडी मिळाली ती धाऊला. धाऊ आमच्या वस्तीच्या वरच्या डोंगरातल्या ठाकरवाडीचा. त्याचे दोन्ही पाय जन्मापासून गेलेले, भाऊ त्याला पाठीवर वागवी. गाडीच्या पाठीमागे पांढऱ्या रंगात त्याचे नाव आणि मंडळाचे नाव लिहिले. हार घातला, फोटो काढला. संध्याकाळी भाऊ गाडी ढकलत आमच्या वस्तीपर्यंत आला. पुढे पायवाट, दगड आणि चढ. धाऊने वर डोंगराकडे बघितले आणि तो हसत सुटला. "हे काय रं! चाकं दिली, रस्ता कुठं हाय?"

मग सोनुबाईला म्हणाला, "तुझी पोर बेस चालली गं बाय तिथं. ही गाडी तिला ने. मी काय डोईवर घेऊन जाऊ वर?"

दुसऱ्याची वस्तू घेते म्हणायला सोनुबाईची जीभ वळेना. धाऊ म्हणाला, "भीक नाय गं. वर ती चढत नाय, आन पडून ऱ्हायली तर गंजंल हितं." तो पुन्हा भावाच्या पाठीवर चढला आणि गेला.

अकरा दिवस जना त्या गाडीवरून शाळेत गेली. अकरा, मी मोजले. मला ती दांड्याला आडवी बांधून नेई. मला थोडा मत्सर वाटला, खोटे कशाला बोलू? पण तिच्या काखेतली जखम सुकली. ती वाटेने मोठ्याने कविता म्हणू लागली. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "आये, मी मॅट्रिक हुईन. मास्तरीन हुईन." सोनुबाई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली, पण हात जरा हलका झाला.

बाराव्या दिवशी मालोजीराव पाहणीला आले. गाडीवरचे नाव वाचले. "ही धाऊची गाडी. इथं कशी?"

सोनुबाईने होते तसे सांगितले. निरोप धाडला तेव्हा धाऊही भावाच्या पाठीवर बसून उतरून आला. म्हणाला, "मी दिली सायेब. माझ्या राजीखुशीनं. अंगठा पायजे तर अंगठा घ्या."

मालोजीराव म्हणाले, "एकाच्या नावची दुसऱ्याला देता येत नाही. वर कळलं तर माझी नोकरी जाईल."

"मंग वाडीला रस्ता करा, मी चालवतो," धाऊ म्हणाला.

"ते माझ्या खात्यात येत नाही."

जनाने मला दांड्यावरून सोडवले, काखेत घेतले आणि गाडीवरून खाली उतरली. मालोजीरावांनी गाडी नेऊन मंडळाच्या खोलीत ठेवली आणि कुलूप घातले.

पुढचे सांगताना माझ्या जोडांत कळ येते. ब्याऐंशीच्या श्रावणात माझे खालचे रबर झिजून गेले होते. जना म्हणाली होती, "आये, कावडीचं रबर गेलं." सोनुबाई म्हणाली होती, "बाजाराच्या दिशी बघू." बाजाराला चार दिवस होते. शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याच्या फरशीवर शेवाळ होते. मित्रांनो, लोक म्हणतात जना घसरली. जना घसरली नाही, घसरले मी. ती माझ्यावर भार टाकून होती आणि मी तिच्याखालून गेले.

तिची उजवी मांडी मोडली. तो तिचा चांगला पाय होता. दवाखान्यात अडीच महिने काढले. हाड वाकडे जुळले, आणि तो पाय पुन्हा उभे राहण्यापुरताही उरला नाही. जना आता उंबऱ्याशी बसते, वाल सोलते, जुनी पुस्तके उलटी-सुलटी करते. कविता म्हणत नाही. मला वापरणारे कुणी नाही, तरी सोनुबाई मला दर आठवड्याला तेल पुसते. माझ्या टोकाला तिने नवे रबर ठोकून घेतले आहे. पडल्यानंतरच्या पहिल्याच बाजारी तिने ते आणले.

तर मित्रांनो, अडीच वर्षे गेली, आणि आज सकाळी मालोजीराव आले. शेणाचे सांगितलेच. ओट्यावर बसून म्हणाले, "सोनुबाई, चांगली बातमी आहे. धाऊ वारला हो गेल्या थंडीत. कुलपात होती ती त्याच्या नावची गाडी आता कागदोपत्री मंडळाकडे परत जमा झाली. मी साहेबांपुढे जनाचं नाव घातलं. आता काहीच अडचण नाही. आता ती नियमात बसते."

सोनुबाई सुपातले तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"गाडी खाली रस्त्यावर टेंपोत आणली आहे. रंग नवा दिलाय. मार्चात अपंग दिन आहे, त्या दिवशी फोटो काढू. ही कुबडीही घेऊन या. आधी हिच्यावर चालायची, असं साहेबांना दाखवू."

उंबऱ्यावरून जना म्हणाली, "आये." खूप दिवसांनी तिचा आवाज मोठा निघाला. "गाडी ठिवून घे. मला हवी हाय. मला फाटकाबाहेर जायचंय. फोटोला मी येनार नाय."

मी उलटीच होते, पण मला सगळे दिसत होते. ज्या बाईने टोपली जाळली, ती आता काय म्हणेल? लेकीचे फाटक आणि आपली मान, दोन्ही तिच्यापुढे होते.

माझे मागणे थोडे आहे, मित्रांनो, ते इथेच सांगून टाकते, कारण पुढे बोलायचे आहे ते सोनुबाईला. तुमच्या घरात कुणाची कुबडी असेल तर तिचे रबर हाताने चाचपून बघा. झिजले असेल तर बाजाराची वाट बघू नका. आणि कुणी डौलात चालले म्हणून त्याला दुखत नसेल, असे धरून चालू नका.

सोनुबाई उठली. तिने मला खांबावरून उचलले, सरळ केले, पदराने माझ्या टोकाचे शेण पुसले. मग मला काखेत धरून, आपल्या दोन धड पायांवर, ती मालोजीरावांसमोर जाऊन उभी राहिली.

"गाडी उतरवा. ती माझ्या लेकीची हाय, उशिरा आली येवढंच. कागदावर सही करीन, नाव लिवता येतं मला. ही कुबडी कुठं जानार नाय. आनी मालोजीराव, तुमी वाईट मानूस नाय, म्हनून तोंडावर सांगते. चूक माझीबी हाय. मी लेकीला दोनदा चालवली, ते माझ्या उरावर हाय, मरंस्तवर ऱ्हाईल. पर मी खोटं करावं म्हनून तुमी उनातनं माझ्या दारात आलता. आन धाऊनं खरं सांगितलं तवा तुमी कुलूप घातलं. माझी पोर चालत हुती तवर तुमाला तिचं नाव घालता आलं नाय. ती मोडली, तवा तुमी चांगली बातमी म्हनून आलात."