दादाचं अर्धं ऊन

साहेब, माझ्या भावाच्या खरेपणाचं तुम्ही हत्यार केलंत, आणि वार केलात तो समोरच्या मावशीवर.

आधी उपकार मान्य करते, म्हणजे कुणी कृतघ्न म्हणायला नको. दादाच्या इस्त्रीच्या दुकानावर सौर पॅनेल बसले, त्यात निम्म्याहून जास्त पैसा सरकारचा. आमच्या पैशांनी ते सात जन्मांत बसले नसते. त्याआधी दादा कोळशाच्या इस्त्रीवर राबायचा. निखाऱ्यांवर वाकून वाकून त्याची छाती भात्यासारखी वाजायची. डॉक्टर म्हणाले, धूर सोडा नाहीतर धंदा सोडा. दादा घरी येऊन म्हणाला, "धंदा सोडून खाऊ काय, डॉक्टरचं डोकं?" मग पॅनेल आले, विजेची इस्त्री आली, धूर गेला. हल्ली दादा कॉलर दाबताना शीळ घालतो. बेसूर घालतो, पण घालतो. वहिनी म्हणते, "यापेक्षा खोकला बरा होता." आणि शीळ थांबली की तीच आधी दारात येऊन बघते.

तर या अनुदानाच्या पाहणीला तुम्ही एक मुलगी पाठवलीत. पोर चांगली होती. उन्हातून आलेली. दादाने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"काका, पॅनेलमुळे उत्पन्न किती वाढलं?"

"वाढलं नाही."

"थोडं तरी?"

"उलट घटलंच जरा. ऊन उतरलं की इस्त्री बंद. पूर्वी अंधार पडला तरी ओढत होतो."

मी मागून खुणा करत होते. दादा मलाच म्हणाला, "अगं, डोळे काय वटारतेस? आहे ते सांगतोय."

"मग फायदा काय झाला, काका?"

"फायदा? हा काय, तुझ्यासमोर उभा आहे!"

ती हसली. "पण ते विचारायला मला सांगितलेलं नाही हो."

"मग राहू दे. सरकारला माझा नमस्कार तेवढा कळव."

नमस्कार तुमच्यापर्यंत पोचला नसणार. बाकीचं बरोबर पोचलं.

समोरच्या गाळ्यातली मावशी आमच्या नात्याची नाही, पण दादा हा धंदा तिच्या हाताखाली शिकला. ती अजून कोळशावरच आहे. डोळे कायम लाल, आणि आता तिचीही छाती वाजू लागलीय. तिनंही अनुदान मागितलं होतं. परवा तुमच्या कचेरीत गेली, तर खिडकीवरचा कारकून म्हणाला, "आजी, इस्त्रीवाल्यांचं अनुदान बंद झालं. तुमच्या समोरच्यानेच सांगितलंय, फायदा नाही म्हणून."

मावशी तशीच पाय आपटत आली आणि दादाच्या दारात उभी राहिली.

"काय रे मेल्या, माझ्याच अन्नात माती कालवायची होती?"

दादाने इस्त्री बाजूला ठेवली. चेहरा एवढासा झाला. "मी खोटं बोललो नाही, मावशी."

"तेच तर! तुला घड्या घालायला शिकवल्या, चार थापा मारायला शिकवायचं राहून गेलं."

साहेब, हिशेब मलाही कळतो. सरकारचा पैसा झाडाला लागत नाही. मावशी साबणाची वडी घेते त्यातूनही तो कर म्हणून कापला जातो. तो उधळू नये, हे कबूल. पण दादाच्या दवाखान्याच्या फेऱ्या बंद झाल्या, त्या कुठे धरल्यात? तिथली त्याची खाट आता दुसऱ्या कुणाला मिळते, ती कुठे धरलीत? तुम्ही मोजलं नाही म्हणून ते घडलंच नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा रस्ता ओलांडून मावशीकडे गेला.

"दुपारपर्यंत मी, जेवण झाल्यावर माझ्या टेबलावर तू." दोन इस्त्र्या एकदम चालवण्याची ताकद त्या पॅनेलांत नाही.

"आणि तू काय करणार?"

"तुझ्या कपड्यांच्या घड्या घालीन, शिव्या खाईन."

"मला कुणाचे उपकार नकोत."

"माझे कुठले? ऊन देवाचं, पॅनेल सरकारचे. मी नुसता मधला."

दुपारी मावशी तोंड वाकडं करूनच आली. टेबलावर पांढरा शर्ट पसरला, विजेची इस्त्री उचलली आणि कापडाला टेकवण्याआधी तिच्यावर जोरात फुंकर मारली. राख उडवायला.

"राख नाही गं त्यात," दादा म्हणाला.

मावशी थबकली. इस्त्री उलटी करून तिचा तळ बघत राहिली.

"हलकी आहे रे," एवढंच म्हणाली, आणि बाही दाबायला घेतली.

म्हणजे साहेब, दादाचा अर्धा दिवस गेला. कमाईही तेवढीच उतरणार. पुढच्या पाहणीत विचाराल तर तो तेही खरंच सांगेल, आणि वर पुन्हा नमस्कार कळवील. तेव्हा हा आमचा फायदा लिहिणार की तोटा? कागदावर उत्तर नको. इथे या, आणि मावशीच्या तोंडावर सांगा.