झिजलेल्या पायाची चौकट

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी चौकट आहे. वर जोडलेले दोन पाय, मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून लोंबणारा दोरा आणि त्याला बांधलेला गोटा, एवढाच माझा संसार. दोरा पट्टीवरच्या खुणेला टेकला की माझे दोन्ही पाय एका पातळीवर आहेत असे समजतात. तिथे खुंट्या ठोकायच्या आणि त्या रेघेवर चर खोदायचा. मग पाणी उतारावरून पळत नाही, जमिनीत मुरते.

१९७८ साली नागपुरात, महाल भागातल्या शालिकराम सुताराने मला सागाच्या पट्ट्या जोडून बनवले. शहराबाहेरच्या एका उजाड टेकडीवर जंगल पुन्हा उभे करायला शिकवणारे वर्ग भरत. तिथले शिक्षक मनोहरराव मला उचलून म्हणायचे, "ही कधीच चुकत नाही!" मी फुलून जायची. पाच वर्षे दगडधोंड्यांवर चालून माझा एक पाय झिजला. ते कोणाच्या लक्षात आले नाही.

१९८३ च्या मे महिन्यात भीमाबाई वर्गात आली. ती तिथल्याच रोपवाटिकेत मजुरी करायची. तिने वाढवलेली आवळ्या-बेहड्याची रोपे दोन वर्षे या उतारावर लागली आणि दोन्ही वर्षे वाहून गेली. यंदा ती स्वतःच रेघ आखायला शिकणार होती.

तिने मन लावून रेघ आखली, सगळ्यांनी चर खोदला. मनोहररावांनी त्यात चार बादल्या पाणी ओतायला लावले. पाणी थांबले नाही. एका टोकाकडे धावले आणि बांध फोडून खाली गेले. लोक हसले.

"भीमाबाई, हे तुमचं काम नाही. रोपंच सांभाळा," मनोहरराव म्हणाले.

मित्रांनो, चूक माझी होती आणि बोलणी तिने खाल्ली. मला तोंड असते तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सर्वांच्या आधी आली. तिने मला दोन दगडांवर उभे केले आणि दोरा टेकला तिथे कोळशाने खूण केली. मग मला फिरवून माझे पाय त्याच दगडांवर अदलाबदल करून ठेवले. दोरा दोन बोटे सरकला! तिने तिथेही खूण केली. ती तडक मनोहररावांकडे गेली.

"साहेब, इचा एक पाय झिजला हाये. मंग पाणी काहून थांबन? मले खरी खूण करू द्या, मी अख्खी रेघ पुन्हा आखतो."

"चाळीस खुंट्या आहेत, बाई. ऊन पाहिलं का?"

"ऊन मले नवं नाही, साहेब."

मनोहररावांनी मला स्वतः फिरवून पाहिले. दोरा पुन्हा तेवढाच सरकला. मग सर्वांसमोर म्हणाले, "चूक माझी. मी ही चौकट कधी तपासलीच नाही."

तिने दोन खुणांच्या बरोबर मध्ये नवी खूण कोरली. तीन दिवस चर पुन्हा खोदला गेला. या वेळी ओतलेले पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत शांत उभे राहिले. त्या पावसाळ्यात रोपे जगली आणि पुढच्या वर्षीपासून चौकटीचा वर्ग भीमाबाईच घेऊ लागली.

आता पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळीने पातळी काढतात. मी कोठीत, फाटक्या पोत्यांखाली पडून असते. मित्रांनो, माणसाला दोष देण्याआधी त्याच्या हातातले अवजार तपासा, आणि अवजार थकले तर दुरुस्त करा, फेकू नका. माझ्या पायाला लाकडाचा एक तुकडा ठोकून खूण पुन्हा तपासली तरी पुरे. टेकडीची मागची बाजू अजून उघडीच आहे. मला तिकडे घेऊन चला.