गोगलगाईसाठी एक तास

गोगलगाय मेली. भावोजींच्या बुटाखाली, रविवारी दुपारी पावणेचारला, ताईच्या जेवणाच्या टेबलावर.

हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. मीही तसंच धरून चाललोय.

तर, दर रविवारी आम्ही चौघं कागद, पेन्सिली आणि फासे घेऊन बसतो आणि कल्पनेतल्या भुयारात उतरतो. खेळ ताई चालवते. म्हणजे भुयार, राक्षस, हवामान आणि नियम, सगळं तीच. भावोजी योद्धा. ताईची मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे. ती चोर होते आणि पाळी येईपर्यंत डुलक्या काढते. माझी आधीची तिन्ही पात्रं भावोजींनी बनवून दिली होती. तिन्ही अत्यंत उपयुक्त होती आणि तिन्ही भावोजींना वाचवताना गेली.

चौथं मी स्वतः बनवलं. जादूगार. वय तीनशे दहा, ताकद ओल्या टॉवेलाएवढी. जादूगाराला एक सोबती प्राणी मिळतो आणि त्याच्या डोळ्यांनी पाहता येतं. खेळाच्या पुस्तकात यादी आहे: मांजर, घुबड, कावळा, बेडूक. मी यादीखाली एक रेघ ओढली आणि माझ्या कागदावर गोगलगाय लिहिली.

"मेहुणे, घुबड घ्या," भावोजी म्हणाले. "उडतं. अंधारात दिसतं. गोगलगाय करणार काय?"

"येणार."

"कधी?"

"घाई तुम्हाला आहे, तिला नाही."

मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. तिथे मला 'सावकाश' म्हणतात. माझं एकही भिंग आजवर परत आलेलं नाही, ते मात्र कुणी म्हणत नाही. घुबड मला जन्मापासून सगळेच सुचवत आलेत.

भावोजींनी खोडरबर पुढे सरकवला. आमच्या टेबलाचा कायदा असा की पेन्सिलीने लिहिलेलं बदलता येतं, पेनाने लिहिलेलं खुद्द ताईलाही नाही. मी पेन काढलं आणि गोगलगाय गिरवली. दोनदा.

"मेली तर?" ताईने विचारलं.

"परत बोलावीन."

"विधीला एक तास लागतो. भिंतीवरच्या घड्याळातला. मधेच जागचा हललास, तर कायमचं घुबड."

हा नियम तिने त्याच क्षणी जन्माला घातला आणि लगेच पेनाने लिहिलाही. आमच्या घराण्यात हे असंच चालतं.

तिसऱ्या दालनाच्या दाराखाली अर्ध्या बोटाची फट होती. घुबडाची चोचसुद्धा आत गेली नसती. गोगलगाय अख्खी गेली. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात भूलतज्ज्ञबाईंची एक झोप झाली आणि भावोजींनी धार लावून लावून तलवारीची सुई केली. गोगलगाईच्या डोळ्यांनी मी आत पाहिलं. ड्रॅगन झोपलेला, आणि दाराजवळची पहिली फरशी सैल. पाय पडला की घंटा वाजणार.

"पहिल्या फरशीवर पाय देऊ नका," मी बजावलं.

"मग कुठे देऊ? डोक्यावर?"

"दुसऱ्या फरशीवर द्या."

भावोजींनी फासा टाकला, दार उघडलं, पहिली फरशी शिताफीने ओलांडली आणि दुसऱ्या फरशीवर पाय दिला. गोगलगाय तिथेच होती. तिच्या डोळ्यांनी सगळं दिसतं, फक्त ती दिसत नाही.

कर्रकन आवाज झाला. ड्रॅगनने डोळा उघडला.

"घुबड असतं तर..." भावोजी सुरू झाले.

"घुबड असतं तर तुम्ही आत्ता घंटेवर नाचत असता."

"भांडू नका," ताई म्हणाली. "ड्रॅगन श्वास घेतोय. आग येणार. योद्धा?"

"पळतो."

"जादूगार?"

"बसतो."

"काय?"

"दारात, मांडी घालून. विधी सुरू."

भूलतज्ज्ञबाई जाग्या झाल्या. "काय झालं?"

"मेहुण्यांनी मांडी घातलीय," भावोजी लांबून ओरडले. "उठा हो! चौथा बळी माझ्या माथी नको!"

"हा तुमच्यासाठी नाहीये," मी म्हणालो. "हा माझा आहे."

ताईने फासा मुठीत घेतला. तिचा आवाज जरा उतरला होता. "अरे, ड्रॅगन थांबणार नाही."

"तू विचारलंस त्याला?"

"लेखी दे," ताई म्हणाली.

मी पेनाने दिलं.

प्रति,
माननीय ड्रॅगन, तिसरे दालन.

विषय: आग ओकणे एक तास तहकूब करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराची गोगलगाय कर्तव्य बजावीत असताना सहकाऱ्याच्या बुटाखाली आली असून तिला परत बोलावण्याचे काम प्रगतिपथावर आहे. अर्जदार जागेवरून हलणार नाही. बदली घुबड स्वीकारले जाणार नाही. तरी आपण घेतलेला श्वास पावणेपाचपर्यंत रोखून धरावा, ही नम्र विनंती.