चौथा मुद्दा

संघप्रियाने स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश डिस्कच्या हिरव्या पट्टीवरून फिरवला आणि ब्रशचं टोक लाल झालं. तिने ते पांढऱ्या कापडावर टिपलं, पुन्हा फिरवलं. चिपच्या बारीक पायांमध्ये कुंकू जाऊन बसलं होतं. भिंग डोळ्याला लावून तिने पाय तपासले. तीन पाय गंजून तुटले होते.

दारात मुंजाजी उभे होते. चपला बाहेर काढलेल्या, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"ताई, जगंल का त्यो?"

"बघू, काका. कुंकू कोरडं लावलं होतं का ओलं?"

"ओलं. पाण्यात कालवून. कोरडं कसं चिकटंल?"

"आणि आतल्या चारही डिस्का बाहेर काढून?"

"मंग? ट्रॅक्टरचं बी बॉनेट उघडून इंजिनालाच लावतो आमी. वरल्या पत्र्याला लावून काय उपेग?" ते जरा थांबले. "बटन बंद केलतं. वायर बी काढलती. सगळं जिथलं तिथं बसवलं. तुमच्यात खंडेनवमी नसती का?"

"नसते."

"बरं हाय," मुंजाजी म्हणाले.

मानवतच्या बाहेर, एका ट्रस्टने चालवलेल्या कापूस संशोधन केंद्राच्या ऑफिसात हे चाललं होतं. केंद्राची अकरा वर्षांची सगळी माहिती, वाणांच्या नोंदी, रोपांचे फोटो, रोजचं तापमान आणि पाऊस, चार डिस्का असलेल्या एका काळ्या पेटीत साठवलेली असे. सगळे संगणक त्या पेटीला जोडलेले होते. ऑफिसात तिला डबा म्हणत. खंडेनवमीला ट्रॅक्टर, पेरणीयंत्र, वजनकाटा यांच्याबरोबर मुंजाजींनी डब्याचीही पूजा केली. दसऱ्याची सुट्टी संपवून सगळे परत आले, तेव्हा डबा उघडेना.

मुंजाजी एकोणीस वर्षं केंद्रात रोजंदारीवर होते. केंद्राच्या आवारात हवामानाच्या नोंदींचा एक पांढरा जाळीदार खोका होता. रोज सकाळी सात वाजता त्याचं दार उघडून तापमान वहीत लिहायचं आणि थर्मामीटरचा फोटो मोबाइलवरून डब्यात पाठवायचा, हे त्यांचं मुख्य काम. यंदा कायम करायच्या माणसांच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या वयाची अट संपत होती. म्हणजे यंदा झालं तर झालं. आणि आता डब्यापायी त्यांच्यावर चौकशी बसली होती. शुक्रवारी दुपारी बारा वाजता ट्रस्टचे तीन सभासद येणार होते. दोषी ठरले तर यादीतलं नाव जाणार होतं आणि रोजंदारीही.

डब्याचं काय झालं ते शोधायला आणि जमलं तर माहिती परत मिळवायला परभणीहून संघप्रियाला बोलावलं होतं. ती इलेक्ट्रॉनिक्सची एम.एस्सी. होती. वसमत रोडवर पहिल्या मजल्यावर तिची दोन टेबलांची खोली होती, आणि जिल्ह्यात हे काम करणारं दुसरं कुणी तिला माहीत नव्हतं.

बाहेर गाडीचा आवाज आला. मुंजाजींनी आतला पाय बाहेर घेतला. केंद्राचे प्रमुख, सूर्यभान सर, दोन पाहुण्यांना घेऊन आत आले.

"हे आमचे मुंजाजीराव," सरांनी ओळख करून दिली. "आमचे सगळ्यात सीनियर शास्त्रज्ञ. अकरा वर्षांच्या पावसाला यांनी एका दिवसात हळद लावली."

पाहुणे हसले. सगळे हसताहेत म्हणून मुंजाजीही थोडे हसले.

"नारळ फोडला होता का रे मुंजा? डब्यावरच फोडायचा."

"न्हाई सर. बाहीरच फोडला."

"बघा, तेवढी अक्कल होती." सर संघप्रियाकडे वळले. "मॅडम, डेटा आला तर उत्तम. नाही आला तरी कुणामुळं गेला ते स्वच्छ लिहा. मोघम नको. मला आणि ट्रस्टच्या तिन्ही सभासदांना पाठवा."

"जे दिसेल ते लिहीन," संघप्रिया म्हणाली.

"तेच पाहिजे."

ते गेल्यावर तिने चारही डिस्का काढल्या, प्रत्येकीवर तिची जागा दाखवणारा आकडा लिहिला आणि फोमच्या खोक्यात ठेवल्या. मुंजाजींनी खोका उचलून गाडीपर्यंत नेला. दोन्ही हातांनी, छातीशी धरून, झाकण नसलेलं दुधाचं पातेलं न्यावं तसा.

"मी मुद्दाम केलं न्हाई, एवढं लिहा," ते म्हणाले.

"मुद्दाम काय आणि चुकून काय, ते डिस्कमध्ये दिसत नाही, काका. वेळ दिसते."

"मंग वेळ तं वेळ," मुंजाजी म्हणाले.

परभणीला आल्यावर तिने आधी डब्याची रोजनिशी उघडली. असा डबा आपल्याशी काय काय झालं ते मिनिटासकट लिहून ठेवतो, आणि ही नोंद प्रत्येक डिस्कवर असते. पहिल्याच तासात तिला हवं ते सापडलं. चारपैकी पहिली डिस्क ९ जूनलाच मेली होती. डब्याने तेव्हा शिट्टी वाजवायला सुरुवात केली होती. त्याच दिवशी अकरा वाजून वीस मिनिटांनी कुणीतरी प्रमुखाच्या खात्यातून ती शिट्टी कायमची बंद केली होती. प्रमुखाचं खातं फक्त सर वापरत.

अशा डब्यात चारपैकी कुठलीही एक डिस्क गेली तरी काही हरवत नाही. उरलेल्या तिघी मिळून तिची भरपाई करतात. दुसरी गेली की सगळं थांबतं. जूनपासून डबा तिघींवर चालला होता आणि कुणाला त्याची फिकीर नव्हती. कुंकू चौघींना लागलं होतं, पण चिपच्या पायांपर्यंत ते एकीच्याच पोचलं होतं. जूनमध्ये नवी डिस्क घातली असती, तर कुंकवाने एक गेल्यावरही डबा चालूच राहिला असता.

संघप्रिया खुर्चीत मागे टेकली. मग उठून तिने पंखा बंद केला, कारण पुढचं काम नाजूक होतं. त्याच जातीच्या एका जुन्या डिस्कची हिरवी पट्टी काढून तिने कुंकवाच्या डिस्कला बसवली आणि मूळ पट्टीवरची, डिस्कची स्वतःची मापं साठवणारी आणि शाबूत राहिलेली तांदळाएवढी चिप नव्या पट्टीवर डाख देऊन चढवली. वीज दिल्यावर डिस्क फिरू लागली. पुढचे चार दिवस तिघींच्या नकला घेण्यात आणि त्यांचे तुकडे क्रमाने जुळवण्यात गेले. मंगळवारी संध्याकाळी सगळं परत आलं. दोन लाख अकरा हजार फाइली, एकही तुटलेली नाही.

तुटलेली नाही हे डोळ्यांनी ठरत नाही. प्रत्येक फाइलवरून एक लांब आकडा काढता येतो. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी तो आकडा बदलतो, म्हणून दोन वेगळ्या फाइलींचा आकडा कधी सारखा येत नाही. बुधवारी सकाळी संघप्रियाने सगळे आकडे काढले, आणि थर्मामीटरच्या फोटोंमध्ये काही आकडे सारखे आले.

तिला आधी वाटलं, जुळवणीत आपलंच चुकलं. तुकडा उलटसुलट बसला असेल. तिने पुन्हा जुळवून पाहिलं. तेच. मग तिने ते फोटो शेजारी शेजारी उघडले. १४ नोव्हेंबरचा फोटो आणि १३ नोव्हेंबरचा फोटो एकच होता. काचेवर बसलेली माशीसुद्धा तीच. डब्यातल्या नोंदींत तापमान मात्र दोन्ही दिवशी वेगळं लिहिलेलं, अर्ध्या अंशाच्या फरकाने. तिने तीन वर्षांचे फोटो तपासले. असे एक्केचाळीस दिवस निघाले.

म्हणजे दोष तिच्या कामात नव्हता. फोटो आधीपासूनच तसे होते. हे लिहिलं नाही, तर उद्या कुणी ते उघडून पाहील आणि म्हणेल, बाईने फाइली भलत्याच जोडल्या. एम.एस्सी.ला तिला शिकवलं होतं की प्रयोगवहीतला न जुळणारा आकडा खोडायचा नाही, त्याभोवती गोल करायचा. तिने तक्ता तयार केला. तारीख, वेळ, फाइलचं नाव, फोटो पाठवणाऱ्याचं खातं. शेवटच्या रकान्यात एक्केचाळीस वेळा एकच शब्द आला. मुंजाजी. तो रकाना काढावा का, असं तिच्या मनात आलं. मग बाकीच्या सगळ्या तक्त्यांत तो आहे, हे तिला आठवलं.

अहवालात चार मुद्दे झाले. पहिला, जूनमध्ये मेलेल्या डिस्कचा आणि बंद केलेल्या शिट्टीचा. दुसरा, की एकट्या पूजेमुळे डबा बंद पडला असं म्हणता येत नाही. तिसरा, सर्व फाइली परत मिळाल्याचा. हे तिन्ही पहिल्या पानावर मावले. चौथा, सारख्या फोटोंचा, दुसऱ्या पानावर गेला. बुधवारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिने अहवाल चौघांनाही पाठवला आणि खाली जाऊन चहा घेतला.

गुरुवारी सकाळी मोबाइलवर सरांचं उत्तर आलं. "अहवाल मिळाला. फार बारकाईचं काम. मुद्दा क्र. १ आमची अंतर्गत बाब आहे. मुद्दा क्र. ४ चौकशीत विशेष उपयोगी पडेल." तिने ते दोनदा वाचलं. बारकाईचं काम, हे शब्द तिला आवडले.

अकराच्या सुमाराला मुंजाजी जिना चढून आले. हातात कापडी पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. त्यांनी दाराबाहेर चपला काढल्या आणि या वेळी दोन्ही पाय आत घेतले.

"सविता मॅडमनं वाचून दाखवलं," ते म्हणाले. सविता केंद्रातल्या कारकून; सरांकडे आलेले कागद त्याच छापून देत. "पूजेनं झालं न्हाई म्हनून लिवलंय तुमी. घरी सांगितलं तं रुख्मिणीनं, आमच्या मंडळीनं, आधी देवापुढं दिवा लावला. मंग म्हनली, त्या ताईला सीताफळं देऊन या."

"बसा ना, काका."

ते स्टुलाच्या कडेवर बसले. पिशवीतून सीताफळं काढून एकेक करून टेबलावर ठेवू लागले, डिस्कच्या खोक्याला लागणार नाहीत अशी.

"एस्टीनं आलात?"

"एस्टीनंच. आज सर बोलले बी न्हाईत काही. खोक्याचं दार उघडून सातचा आकडा घेतला न निघालो. हे दिवस असे मोकळे नसत्यात आमाला. दसऱ्यापसून सरांच्या सेलूच्या शेतावर असतो मी. कापसाची येचणी. बाया गोळा करून न्यायच्या, दिवसभर उभं ऱ्हायचं, संध्याकाळी माप टाकून यायचं."

संघप्रियाचा सीताफळाकडे गेलेला हात थांबला.

"मग इथली सातची नोंद?"

"पहाटंच निघावं लागतंय. सात वाजता सेलूत असतो मी." मुंजाजी हसले. "सर म्हनायचे, कालचाच फोटू टाक, पारा काय पळून चाललाय? वहीत एखादा पॉइंट वर-खाली लिव. मी म्हनलं, सर, हे बरं न्हाई. तं म्हनले, तू शास्त्रज्ञ झाला का?"

"असे किती दिवस झाले असतील?"

"मोजले कुनी? तीन सालाचे मिळून चाळीसेक."

खालून रिक्षाचा हॉर्न आला आणि गेला.

"तुम्ही शेतावर होता, याची कुठं नोंद?"

"सायबाच्या घरच्या कामाची कसली नोंद, ताई?"

"उद्या विचारलं तर सांगाल?"

"कामून सांगू?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "सरांनीच तं नाव घातलंय यादीत. आन् उद्या डब्याची चौकशी हाय. शेताचा काय संबंध?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला, उलगडला आणि तिच्यापुढे सरकवला. अहवालाचं पहिलं पान होतं.

"हे उद्या हातात धरून जानार हाय. एकच इचारायचं होतं. खाली 'पुढील पान पहा' म्हनून लिवलंय. सविता मॅडमनं एवढंच पान काढून दिलं. पुढच्याचं म्हनल्या, तुमी ताईलाच इचारा. त्यांना तान्ह्या लेकरासाठी घरी जायचं होतं, घाईत होत्या. काय हाय पुढं?"

संघप्रियाने कागदाची वाकलेली कड सरळ केली. मोबाइल टेबलावर उताणा पडला होता. तिने तो पालथा केला.

"तांत्रिक आहे, काका."

"म्हंजे आपल्या कामाचं न्हाई."

मुंजाजींनी कागद जुन्याच घड्यांवर मिटला, पिशवीत घातला, खिशात ठेवून वरून हाताने दाबला. दाराशी जाऊन चपला घालताना ते वळले.

"सीताफळं आज दाबू नका. उद्या बारापस्तोर आपसूक मऊ पडतील."

जिन्यावरचा त्यांचा आवाज थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग बसली आणि अहवालाचं दुसरं पान उघडलं. चौथा मुद्दा तिने पहिल्या शब्दापासून वाचला. तक्त्यातल्या एक्केचाळीस तारखा एकेक करून मूळ फाइलींशी ताडून पाहिल्या. नावं पाहिली, वेळा पाहिल्या. त्याला दीड तास लागला.

एकही चूक नव्हती.