दुसरं लुगडं

लखनसाठी रक्त तपासायला पुण्याहून बाई आली आहे म्हटल्यावर आसेगावात जगदेवरावांच्या ओसरीवर सकाळीच रांग लागली. चुलते, पुतणे, चुलतभाऊ, सगळे पुरुष, बाह्या वर सारून तयार. जणू कबड्डीचा संघच उतरला होता.

"आमच्या खानदानाचं रगत हाय," जगदेवराव मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "घे पोरी, लागन तेवढं घे."

संस्कृती मूळची मंगरूळपीरची. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती पांढऱ्या पेशींच्या जन्मजात आजारांवर संशोधन करत होती. जगदेवरावांचा तीन वर्षांचा नातू लखन तिच्या अभ्यासातला सगळ्यात खट्याळ पेशंट. आत्ताही तो तिच्या पिशवीतले हातमोजे फुगवत बसला होता. त्याला नुसतं खरचटलं तरी जखम महिनाभर चिघळायची, आणि तिच्यात पू कधीच धरायचा नाही. नात्यातल्या कुणाचा बोन मॅरो जुळला तर पोरगा बरा होण्याची चांगली आशा होती. नाहीतर येणारा प्रत्येक ताप म्हणजे जुगार. आईबापांचा पुरता जुळला नव्हता.

"ताई, त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी हायेत काय?" लखनच्या आईनं, उज्ज्वलानं विचारलं.

"उलट जास्तच आहेत. रिसोडची जीप डोळ्यांसमोर आण. माणसं खच्चून भरलीत, आपला थांबा आला. पण धरून उतरायला दांडाच नाही. मग काय, जीप तशीच पुढं! जखम म्हणजे तो थांबा. पेशी तिथून जातात, पण उतरू शकत नाहीत."

"म्हंजे दांडा बसवा लागन," लखनचा बाप मुकेश म्हणाला.

"दांडा नाही बसवता येत. जीपच बदलायची, म्हणजे पेशी बनवणारा बोन मॅरो."

एवढं बोलून तिनं कागदावर नात्यांचं झाड काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. जगदेवरावांची बाजू भराभर चौकोनांनी भरली. त्यात असा आजार कुणालाच नव्हता.

"मी काय म्हन्ते," उज्ज्वलाची सासू हौसाबाई दारातून म्हणाली, "आमच्या घरात हे नव्हतंच. हे सुनेच्या माहेराचं. तिच्या काकाचं पोट्टं असंच जखमा होऊ होऊ गेलं."

संस्कृतीनं कागदावर उजवीकडं एक चौकोन काढला. "सुनेचं माहेर कुठलं?"

"रिसोडचं."

"आणि तुमचं?"

हौसाबाई एकदम पदर सावरायला लागली. रांगेतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मुकेशच म्हणाला, "तेच घर हाय ताई. उज्ज्वला माह्या मामाची पोरगी. आई तिची सख्खी आत्या."

संस्कृतीच्या हातातला पेन थांबला. मग तिनं दोन्ही बाजूंच्या रेघा एकाच घराला नेऊन जोडल्या.

"या आजाराला जनुकातल्या दोन खोटी लागतात. एक आईकडून, एक बापाकडून. एकच असली तर माणसाला काही होत नाही. उज्ज्वलाची तिच्या बाबांकडून आली असणार, मुकेशदादांची तुमच्याकडून. पण लखनशी जुळणारं माणूस सापडायचा संभवही त्याच घरात जास्त. रिसोडहून कोणाला बोलावता येईल का?"

उज्ज्वला हळूच म्हणाली, "आमच्या लग्नापासून आत्या माह्या आईशी बोलत नाई."

"कायले बोलू?" हौसाबाई उसळली. "मी नवरदेवाची माय, म्हंजे विहीण. अन् नणंद बी मीच. विहिणीचं एक अन् नणंदेचं एक, दोन लुगडे माह्या मानाचे. गोमतीवहिनीनं एकातच भागवलं!"

"एकाच घरून दोन नाती," संस्कृती म्हणाली, "म्हणजे मावशी, हिशेब तुमचाच बरोबर. लखनला तर तिथल्या दोन्ही खोटी मिळाल्या."

हौसाबाईनं तिच्याकडं बघितलं, मग हातमोज्याच्या फुग्यावर नाक-डोळे काढणाऱ्या नातवाकडं. त्याच्या गुडघ्यावर तीच जुनी पट्टी होती.

"मुकेश, लाव फोन."

तिकडून आवाज येताच ती बोलत सुटली. "वहिनी, मी बोलून राह्यली. हो, मीच. काहून म्हंजे? लुगडं राहू दे तुह्यं. घरातले सारे माणसं धाड, पोरीबाळी बी. रगत द्याले."

दुसऱ्या दिवशी रिसोडहून भरलेली जीप आली. गोमतीबाई दांडा धरून आधी उतरली. काखेत एक पुडकं होतं. तिनं ते नणंदेच्या हातात कोंबलं. "घे बाई. आता तरी नावं नको ठेवू."

"रंग फिका हाय," हौसाबाई म्हणाली आणि वहिनीच्या गळ्यात पडली.

काही आठवड्यांनी संस्कृतीचा फोन आला. उज्ज्वलाची धाकटी बहीण सुकेशनी, तिचा बोन मॅरो पुरता जुळला होता. "कधी जायचं?" एवढंच सुकेशनीनं विचारलं.

"म्हंजे आमचं रगत फुकटच गेलं," जगदेवराव हिरमुसले.

बोन मॅरो बदलायला मुंबईच्या दवाखान्यात जायची तयारी सुरू होती. हौसाबाईनं बॅगेत सगळ्यात वर ते नवं लुगडं ठेवलं आणि फोनवर संस्कृतीला तसं सांगितलंही.

"मावशी, तिथं कशाला?" संस्कृतीनं विचारलं.

"पोट्टं बरं होऊन भायेर येईन, तवा काय जुन्यात उभी राहू?"