चाकांवरचं खुराडं

यात्रेआधी एक दिवस गाव रिकामं ठेवायचं, ही त्या गावची जुनी रीत. सूर्य उगवायच्या आत माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या सगळ्यांनी ओढ्यापलीकडच्या शिवारात जायचं आणि दिवस मावळल्यावर परतायचं. पंचांनी दिवस जाहीर केला तशी दहा वर्षांच्या प्रियदर्शनीनं बोटांवर दिवस मोजले. अंड्यांवर बसलेल्या तिच्या खुडूक कोंबडीचा तो नेमका एकोणिसावा दिवस होता, आणि पिल्लं एकविसाव्याला निघतात. पोटाखाली तेरा अंडी.

एरवी कोंबडी काखेत मारून नेली असती. पण अंड्यांवरून उठवलेली कोंबडी नव्या जागी बसेलच असं नाही, आणि अंडी गार पडली की आतली पिल्लं संपली. म्हणून तिनं आणि तिच्या आज्जानं, रवळू सुतारानं, आठवडाभर खपून कोंबडी बसली होती त्या गवताच्या बुट्टीच्या मापाचं खुराडं उभं केलं: खाली बुट्टी ठेवायला फळी, बांबूच्या कामट्यांच्या भिंती, जुन्या सायकलची दोन चाकं, पुढं ओढायला दांडा.

कोंबडी बसवण्याआधी रवळूनं बुट्टीच्या जागी पाण्यानं भरलेलं भगुणं ठेवून तिला गाडा गल्लीतून ओढायला लावला. निम्मं पाणी सांडलं.

"पानी सांडलं म्हंजे अंडी आदळली," तो म्हणाला. "का सांडलं, ते तूच बघ."

ती चाकाशी उकिडवी बसली. टायर दगडासारखं टणक लागलं. तिनं निम्मी हवा सोडली. दुसऱ्या फेरीत पाणी नुसतं डचमळलं. रवळूनं मान हलवली, आणि त्या संध्याकाळी कोंबडीला बुट्टीसकट आत सरकवलं.

ठरल्या दिवशी पहाटे उजाडता उजाडता गल्ली बैलगाड्यांनी भरून गेली. प्रियदर्शनी पावलं मोजत दांडा धरून चालत होती. आत कोंबडी पिसं फुगवून गप्प बसली होती. ओढ्याच्या उतारावर मात्र चाक एका दगडावरून तिरकं घसरलं. कमी हवेचं टायर रिंगवरून निसटलं, खुराडं एका अंगाला कललं, दाराची कडी सुटली आणि कोंबडी फडफडत बाहेर पडली. ती गावाच्याच बाजूला, बाभळीखाली जाऊन उभी राहिली.

मागं गाड्या तुंबल्या. पूर्वेकडे तांबडं फुटलं होतं. शेजारच्या गुंडूनं ट्रॅक्टर सुरूच ठेवून वरनं विचारलं, की कोंबडीची मिरवणूक अजून किती वेळ चालणार हाय.

रवळू धोतर खोचून बाभळीकडं निघाला. प्रियदर्शनीनं त्याचा सदरा धरला.

"धरू नको, आज्जा. धरली तर ती बसायची न्हाय."

तिनं ओढणी काढून अंड्यांवर टाकली. एक फुटलं होतं. ते तिनं बाजूला काढलं, त्याकडं बघितलं नाही. मग ती चढ चढून गुंडूच्या ट्रॅक्टरपुढं उभी राहिली.

"गुंडूमामा, इंजिन बंद करा. अंडी गार व्हायलीत."

"आणि दिस उगवला तर? पंचांस्नी तू सांगतीस?"

"सांगतो मी," मागनं रवळू म्हणाला. "चाक माझंच हाय."

गुंडूनं एकदा पूर्वेकडं पाहिलं, एकदा पोरीकडं. त्यानं किल्ली फिरवली. मागच्या बैलगाडीवाल्यानं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा मुठीत धरल्या. कुणीतरी रडणारं पोर छातीशी दाबलं. एवढी माणसं, पण ओढ्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

कोंबडी मान वाकडी करून उभी. चार पावलं आली, थांबली, उगीच माती उकरली. खुराड्याशी परत येऊन बसलेल्या प्रियदर्शनीनं श्वास धरून ओढणी अलगद ओढून घेतली. कोंबडीनं उघडी अंडी पाहिली. एक पाय फळीवर. बराच वेळ तो एकच पाय. मग दुसरा.

ती बसली, चोचीनं एक अंडं पोटाखाली ओढलं. प्रियदर्शनीनं कडी सुतळीनं आवळली.

आता चाकांचा उपयोग नव्हता. गुंडू खाली उतरला आणि त्यानं मागची बाजू उचलली. पुढची रवळूनं धरली. गुडघाभर पाण्यातून ते पाऊल चाचपत, खुराडं समपातळीत धरून चालले. प्रियदर्शनी शेजारून चालत होती. ते पलीकडच्या काठाला लागले तेव्हा पहिलं ऊन मागं गावातल्या देवळाच्या कळसावर आलं होतं.

तिनं कामट्यांमधून हात घातला, कोंबडीच्या पोटाखाली. कोंबडीनं कचकन टोच मारली. तिनं हात काढला नाही. आत ऊब होती.